न्हाऊ घालणारीला घेऊन या

सौदामिनीआत्याने वॉर्डातला चहा कधी गरम प्यायला नाही. सकाळी खालच्या कँटीनमधून चहा आला की ती काचेचा ग्लास उजव्या हातात घ्यायची. आधी पदराच्या टोकात धरून, मग चटका सोसवेल इतका उतरला की उघड्या तळव्यात. खिडकीपाशी उभी राहून ती तो नुसता धरून ठेवायची. बाकीच्या सिस्टर बशीत ओतून, फुंकून, पिऊन मोकळ्या व्हायच्या. तिचा ग्लास भरलेलाच टेबलावर परत यायचा. त्यावर वाटी झाकून ती पहिल्या पाळण्याकडे जायची आणि ऊब आलेला तळहात बाळाच्या टाळूवर ठेवायची.

"गार हात लागला की लेकरू दचकतं," तिने मला सांगितलं होतं. "दचकलं की रडतं, रडलं की टाळू ताठ होते. मग ती आतल्या पाण्यानं ताठ झालीय की माझ्या हातानं, हे कसं कळायचं?"

टाळू सपाट लागली तर ती काही न बोलता पुढे जायची. वर आलेली, फुगलेली लागली तर हात थोडा वेळ तसाच राहायचा. समोर उभी असलेली आई तिच्या तोंडाकडे पाहत असायची, आणि आत्याने आपल्या तोंडाला काहीच न सांगण्याची सवय लावून घेतली होती. सगळे पाळणे झाले की ती टेबलाशी येऊन वाटी काढायची. चहावर साय धरलेली असायची. ती बोटाने बाजूला करून आत्या उभ्यानेच गार चहा पिऊन टाकायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूळची कंधारची. आजोबा, माधवराव, तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. मुलीने मास्तरीण व्हावं असं त्यांच्या मनात होतं. तिने लातूरला जाऊन नर्सिंग केलं. आजोबा त्यावरून तिच्याशी भांडले नाहीत. पाहुण्यांना फक्त "लातूरला शिकते" एवढंच सांगायचे, काय शिकते ते सांगायचे नाहीत. पुढे स्थळं आली आणि रात्रपाळीचं ऐकून परत गेली. "रात्री सुनेनं घरात असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं," ती हसून सांगायची. "दिवसभर कुठंही असले तरी त्यांना चाललं असतं." नांदेडला एका जुन्या ट्रस्टच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली आणि श्रीनगरच्या आतल्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. नोकरी संपेपर्यंत ती त्याच दवाखान्यात होती, आणि शेवटपर्यंत त्याच खोल्यांत. एम.ए. करताना मी तिच्याकडे राहायला होते. दुपारी कॉलेजातून येताना तिचा डबा वॉर्डात नेऊन द्यायचे, म्हणून हे सगळं मला दिसलं.

दवाखान्यात त्या वॉर्डाला क्रमांक होता, पण सगळे त्याला डोक्याचा वॉर्ड म्हणत. डोक्यात पाणी साठलेली बाळं तिथे असत. काहींच्या डोक्यामागे किंवा पाठीवर जन्मतःच पातळ कातड्याची पिशवी असायची. काहींची कवटी वेळेआधीच जुळल्यामुळे डोकं एकाच बाजूला निमुळतं वाढायचं. किनवटकडच्या जंगलातून, देगलूरकडून, पैनगंगेपलीकडून आयाबाया यायच्या आणि पाळण्यांखाली सतरंज्या टाकून राहायच्या.

मेंदूचं ऑपरेशन करणारे डॉक्टर आलोक लातूरचे. ते गुरुवारी यायचे. दवाखान्याकडे स्वतःचं स्कॅनचं मशीन नव्हतं. बाळाला दुपट्यात गुंडाळून रिक्षाने डॉक्टर लेनमधल्या सेंटरवर न्यावं लागे. एवढ्या लहान जिवाला भूल देणारे डॉक्टरही गावात मोजकेच. गुरुवारी आलोक आले आणि भूल देणारे आले नाहीत, तर तो गुरुवार वाया जायचा. पुढचा येईपर्यंत डोकं वाढत राहायचं. बुधवारी संध्याकाळी आत्या दुसऱ्या दिवशीच्या बाळांचे केस उतरवून ठेवायची. जावळाचे केस. आया ते मागून घेत आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवत. जावळ असं, विधीशिवाय, दवाखान्यात निघावं याचं त्यांना ऑपरेशनपेक्षा जास्त वाईट वाटायचं.

पाणी साठलेल्या बाळाला नळी बसवायची. डोक्यातून निघून मानेच्या कातडीखालून ती पोटात उतरते. जास्तीचं पाणी तिकडे जातं आणि अंगात जिरतं. कानाच्या मागे, नळीच्या वाटेवर, एक छोटी झडप असते. बाहेरून हरभऱ्याएवढी गाठ दिसते. ऑपरेशन साधंच, असं आलोक म्हणत. ते झालं की लेकरू शांत झोपायचं, दूध ओढायला लागायचं, खाली बुडालेले डोळे वर यायचे. टाके निघाले की आई त्याला घेऊन घरी जायची.

आणि बहुतेक वेळा पुन्हा दिसायची नाही.

"बरी झालेली येत नाहीत," आत्या म्हणायची. "कशाला येतील? एसटीचा धक्का खात, रोज बुडवून, माझं तोंड बघायला?" वॉर्डात परत यायची ती बिघडलेलीच. त्यामुळे इतकी वर्षं काम करूनही तिच्या डोळ्यांसमोर राहिली ती परत आलेली मुलं. जी सुखरूप वाढली असतील ती तिला रस्त्यात धक्का देऊन गेली असती तरी ओळखू आली नसती.

शिवांश परत आला होता.

मी तिच्याकडे राहायला येण्याआधीची ही गोष्ट. कंधारजवळच्या एका वाडीचं ते लेकरू, म्हणजे तिच्या माहेरच्या मुलखातलं. नळी छान बसली होती. जाताना आत्याने आईला सगळं सांगितलं: उलटी झाली, ताप आला, झोपाळू झालं तर तसंच घेऊन ये, कानामागच्या गाठीला धक्का लागू देऊ नको. आई समजूतदार होती, तिने सगळं परत म्हणून दाखवलं. थोड्याच दिवसांत ती लेकराला घेऊन आली तेव्हा कानामागची कातडी लाल होऊन फुटली होती, आतली नळी दिसत होती, आणि ताप मेंदूपर्यंत गेला होता. घरी न्हाऊ घालणारी बाई रोज हळद-तेल लावून ती गाठ अंगठ्याने चोळत होती. गाठ आली की चोळून जिरवायची, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं होतं. रोज थोडी थोडी, मायेनेच, ती चोळत होती.

आलोकांनी नळी काढली, औषधं दिली. शिवांश गेला.

त्याची आई रडली नाही, आत्याला दोषही दिला नाही. एवढंच म्हणाली, "तुमी मला सांगितलं होतं बाई. पण न्हाऊ मी घालत नव्हते ना."

आपल्याकडे बाळंतिणीने बाळाला न्हाऊ घालायचं नसतं, हे आत्याला का माहीत नव्हतं? ती कंधारच्या घरात वाढलेली होती. पाय लांब करून बसलेली बाई, तिच्या नडग्यांवर आडवं बाळ, तांब्यातली ऊन धार हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. पण वॉर्डात शिरताना ते सगळं बाहेर ठेवायचं असतं, असं तिला वाटत आलं होतं. तिने ज्या हातांना सांगितलं ते हात न्हाताना बाळाला लागतच नव्हते.

त्यानंतर तिने वॉर्डात एक नियम केला. तो कुठे लिहिलेला नव्हता. टाके निघण्याआधी ती नातेवाइकांना सांगायची, "न्हाऊ घालणारीला घेऊन या. तिला बघितल्याशिवाय मी सुट्टी देणार नाही."

लोक चिडायचे. एक जण म्हणाला होता, "बाई, आता म्हशीलाबी आणू का? दूध तिचंच पितंय." आलोकसुद्धा थट्टा करायचे, "सिस्टर, माझं ऑपरेशन तासाभरात उरकतं. तुमची मालिशवाली यायला आठवडा जातो." पण त्यांनी तिला कधी अडवलं नाही.

म्हाताऱ्या यायच्या. तेलकट हातांच्या, संशयी, दवाखान्याच्या फरशीवर चपला काढून चालणाऱ्या. आत्या त्यांना पाळण्याशेजारी बसवायची, त्यांचं बोट अलगद धरून कानामागे टेकवायची. "ही गाठ न्हाई आजी, व्हॉल हाय. शेतात पायपाला नसतो का? तसला. दाबला, चोळला की बिघडतो." तिच्या तोंडी एरवी शहरातली भाषा असायची, इथे ती अशी बोलायची. शेतातला व्हॉल सगळ्यांना कळायचा.

सत्यम आला तेव्हा आत्याच्या निवृत्तीला काही महिने उरले होते. इस्लापूरचं शेतकरी घर. आई दीपमाला, अगदी कोवळी, आणि सोबत तिचे सासरे सटवाजी. बाळाचं डोकं जन्मल्यापासूनच मोठं होतं आणि घरात त्याचं कौतुक झालं होतं. "डोकं मोठं ते सरदाराचं," आजी गावभर सांगायची. तिने त्याच्यासाठी दुप्पट मापाची कुंची शिवली होती. नातू सरदार होणार म्हणत महिन्यांमागून महिने गेले. मग त्याची बुबुळं खाली बुडायला लागली, वरचं पांढरं दिसायला लागलं, मान धरेना, तेव्हा किनवटच्या डॉक्टरांनी त्यांना रेल्वेत बसवून दिलं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. फार उशीर झाला होता, पण झालं. नजर राहील की नाही, आलोक सांगू शकले नाहीत. दोन दिवसांनी आत्याने टाळूवर हात ठेवला आणि हात लगेच उचलला. दीपमाला घाबरली.

"काय झालं बाई?"

"काही नाही. मऊ लागली."

मग नेहमीचा निरोप गेला. सटवाजी गावी जाऊन एकटेच परत आले.

"आमची म्हातारी न्हाई येत," टोपी हातात फिरवत ते म्हणाले. "म्हन्ती, आर्ध्या गावाला म्या न्हाऊ घातलंय. आता नांदेडची नर्स मला हात धुवाया शिकिवनार का?"

"मग घरी न्हाऊ दीपमाला घालेल," आत्या म्हणाली.

"ही?" सटवाजींना हसू आलं. "घरात सासू आस्ताना? तुमी बी काय बोलून राहिल्या बाई."

दीपमालाने मान खाली घातली. 

टाके निघाले. देगलूरकडचं एक बाळ पाळणा मिळावा म्हणून खोळंबलं होतं, सतरंजीवर होतं. आत्याने एक दिवस आणखी ओढला आणि मग सत्यमला सोडलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती जेवली नाही. ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "रविवारी किनवटच्या गाडीनं जाऊन येते. येतेस?"

सहस्रकुंडाचा धबधबा बघायला निघालेल्या पोरापोरींनी गाडीचा डबा भरला होता. मोबाइलवर गाणी, वेफर्सची पाकिटं. आत्या खिडकीशी बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. "त्या आजी ओरडल्या तर?" मी विचारलं. "ओरडू दे," ती म्हणाली. "तिचा अंगठा तेवढा मला बघायचाय."

आम्ही इस्लापूरला त्यांच्या घरी पोचलो ती नेमकी न्हाण्याची वेळ होती. अंगणात चुलीवर पाणी कढत होतं. सत्यमची आजी, तुळजाबाई, पाय लांब करून पाटावर बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यांवर, नडग्यांवर पालथा सत्यम, शेजारी तेलाची वाटी. दीपमाला तांब्या घेऊन उभी होती. आम्हाला पाहून तिने पदर डोक्यावर ओढला.

"कोन हाय?" तुळजाबाईंनी वर न पाहता विचारलं.

"नांदेडच्या बाई हायेत," दीपमाला म्हणाली.

तुळजाबाईंनी आता पाहिलं. "आल्या व्हय. येवड्या लांब. घरात कुनी न्हाई का तुमाला?"

"कोणी न्हाई," आत्या म्हणाली.

हे उत्तर त्यांना अपेक्षित नसावं. "बसा मग," त्या म्हणाल्या. "पानी निवून राहिलंय, मला थांबता याचं न्हाई."

आत्या त्यांच्या अगदी शेजारी, ओल्या दगडावर बसली. तुळजाबाईंचे हात सुरेख चालत होते, हे मान्य केलं पाहिजे. पाठीवरून खांद्याकडे, खांद्यावरून दंडाकडे. बाळ रडत नव्हतं, उलट डोळे मिटून घेत होतं. मग त्यांनी त्याला उताणा केला, वाटीत बोटं बुडवली आणि टाळूवर तेल थापलं.

"टाळू बगा कशी खोल गेली. तुमीच पानी काडलं न्हवं? आता मला भराया लागतीया."

"भरा की. टाळूला तेल घाला, न्हाई कोण म्हणतंय."

अंगठा टाळूवरून उतरला, कपाळाच्या कडेने कानाकडे गेला. आत्याने हात पुढे केला आणि कानामागच्या गाठीवर आपला तळवा पालथा घातला. तुळजाबाईंचा अंगठा तिच्या बोटांच्या मागच्या बाजूवर येऊन थांबला. तेल आत्याच्या मनगटावरून ओघळलं.

"हात काडा."

"काढते. आधी एक ऐका."

"व्हॉल हाय, मला म्हाईत हाय. आमच्या म्हाताऱ्यानं सांगितलं. व्हॉल आसला तरी सूज हाय ती. जिरवायची न्हाई का?"

"एक लेकरू होतं," आत्या म्हणाली. आवाज चढवून नाही. वॉर्डात ती रात्रपाळीच्या सिस्टरला रुग्ण सोपवताना बोलायची तशी. "कंधारकडचं. त्याला बी अशीच नळी होती. न्हाऊ घालणारी चांगली होती, हात तुमच्यासारखाच असंल. तिनं ही गाठ जिरवली. कातडी फुटली, आत पू गेला."

चुलीतलं लाकूड तडकलं. दीपमालाने तांब्या खाली ठेवला.

"मेलं?"

"हाव."

तुळजाबाईंनी अंगठा उचलला नाही. त्यांनी विचारलं, "तिला कळलं का? त्या न्हाऊ घालनारीला?"

 इतक्या वर्षांत आत्याला आई आठवली होती, बाळ आठवलं होतं, स्वतःचं चुकलं ते रोज आठवलं होतं. त्या बाईचा विचार तिने केला नव्हता.

"कुणास ठाऊक. मी इचारलं न्हाई."

"कळलं आसंल," तुळजाबाई म्हणाल्या. "गावात काय लपतंय? मग तिनं फिरून कुन्या लेकराला हात लावला नसंल. लावू तरी कोन देईल." त्या आपल्याच तेलकट पंजाकडे पाहत होत्या. "हात तर हाय तिथंच. त्याचं काय करत आसंल ती?"

मग सत्यमला त्यांनी छातीशी धरलं आणि एकदम, कुणी विचारलं नसताना, म्हणाल्या, "म्या रुसून न्हाई बसले. म्या आले न्हाई, कारन म्या ह्याला सरदार म्हनत व्हते. समद्या गावाला सांगितलं. तुमच्याकडं आले आसते, तर ते डाक्टर हासले आसते मला."

"डॉक्टर हसत न्हाईत," आत्या म्हणाली. "त्यांना येळ नसतो."

तुळजाबाई हसल्या; दात एकच होता पुढे. "बरं. मग दाखवा कुटं कुटं हात लावायचा न्हाई ते. आन आमच्या म्हाताऱ्याला बी सांगा. त्याला व्हॉल दिसला की फिरवून बगायची लई खोड हाय."

परतीच्या गाडीत आत्याचा हात हळदीने पिवळा झालेला होता. तिने तो धुतला नाही, पर्सवर पालथा ठेवून बसली.

पावसाळ्याच्या शेवटी ती निवृत्त झाली. शाल, नारळ, वॉर्डात एक भाषण. मला लातूरला कॉलेजात नोकरी लागली आणि मीही गेले. तिला मी कान असलेल्या कपांचा एक सेट घेऊन दिला होता. ती त्यातून चहा प्यायला लागली, गरम, खुर्चीत बसून, माणसं पितात तसा. सुट्टीत गेले की मला ते बघायला बरं वाटायचं, आणि बरं वाटायचंही नाही. चहा पिताना उजव्या हाताची बोटं तिच्या मांडीवर मिटलेली असायची.

सत्यमची खबर नव्हती. तो तपासायला दवाखान्यात येऊन जात असेलही, पण वॉर्डात आता नव्या सिस्टर होत्या आणि तिकडे जाऊन नावं विचारत बसणं तिला पटायचं नाही. सटवाजींचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये होता.

"लाव ना फोन," मी म्हणायचे.

"लावून काय विचारू? हाय का, असं विचारू?"

बरी झालेली येत नाहीत, हे तिचं नेहमीचं वाक्य होतं. त्याचं उरलेलं अर्धं तिने एकदा, गच्चीवर वाळलेले कपडे गोळा करताना, माझ्याकडे पाठ करून पुरं केलं. "गेलेलीही येत नाहीत, इरा. इथं बसून दोन्ही सारखंच ऐकू येतं." मग तिने चादरीचं एक टोक माझ्याकडे दिलं आणि आम्ही दोघींनी ती घडी केली.

त्या दोन खोल्यांत ती अशी दोनेक वर्षं राहिली. सकाळी अंगणापुरती झाडलोट, दुपारी वर्तमानपत्र, संध्याकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत एक फेरी. शेजारच्या बाळंतिणी बाळं दाखवायला आणायच्या. ती लांबूनच "छान आहे" म्हणायची, हात लावायची नाही. वयाबरोबर तिचे हात गार पडायला लागले होते. तिने ते मला सांगितलं नव्हतं. एकदा भाजीची पिशवी घेताना बोटं लागली तेव्हा कळलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली. झोपेतच. शेजारच्यांनी फोन केला, मी लातूरहून पोचले तोवर लोक जमले होते.

त्याआधी दसऱ्याला मी तिच्याकडे होते. परतीची एसटी दुपारची होती, बॅग दारात ठेवलेली. दार वाजलं. बाहेर तुळजाबाई उभ्या होत्या, कडेवर लेकरू, मागे पिशवी सांभाळत सटवाजी.

"डाक्टरकडं आलो व्हतो तपासाया," तुळजाबाई दारातूनच बोलायला लागल्या. "तिथं इचारलं, कंधारकर बाई कुटं ऱ्हात्यात. कुनाला सांगताच येईना. शेवटी कँटीनवाल्यानं सांगितलं."

आत्या खुर्चीतून उठली नाही. 

सत्यमचं डोकं अजूनही अंगाच्या मानाने मोठं होतं, मान बारीक. तो चालत नव्हता. तुळजाबाईंनी त्याला सतरंजीवर टेकवलं तेव्हा तो बसला; थोडा कलला, हाताने सावरला, आणि बसून राहिला. खिडकीतून उन्हाची पट्टी फरशीवर आली होती. तो त्या पट्टीकडे पाहत होता. मग त्याने तिच्यावर हात आपटला.

"दिसतंय त्याला," आत्या म्हणाली. विचारलं की सांगितलं, कळलं नाही.

"दिसतंय तर! मुंगीबी सोडत न्हाई, उचलून तोंडात." तुळजाबाईंनी त्याचे केस बाजूला केले. कानामागे ती हरभऱ्याएवढी गाठ तशीच होती, वरची कातडी स्वच्छ. "बगा. न्हाऊ अजून मीच घालते. अंगठा हिकडं वळतच न्हाई आता. आन गावात कुनी लेकराला सरदार म्हनलं की मला धस्स व्हतं."

सटवाजींनी पिशवीतून सीताफळं काढून कोपऱ्यात मांडली.  आत्या खुर्चीतून हळूच खाली सतरंजीवर बसली, सत्यमच्या समोर. तिने उजवा हात उचलला, त्याच्या डोक्याजवळ नेला आणि मध्येच थांबवला. बोटं मिटली. हात परत मांडीवर आला.

त्याची टाळू कधीच भरून आली असणार. तिथे हाताला समजण्यासारखं आता काही उरलेलं नव्हतं.

मी चहा टाकायला आत गेले. कप काढून ओट्यावर मांडले. बाहेर तुळजाबाई सटवाजींना काहीतरी टोमणा मारत होत्या, सत्यम फरशीवर हात आपटत होता. माझी एसटी चुकणार होती, पण त्याची घाई मला वाटेनाशी झाली होती. चहा उकळी धरत असताना पाठीमागून, बाहेरच्या खोलीतून, आत्याचा आवाज आला.

"इरा, मला कप नको. ग्लासात दे."